चार वर्षांचं लेकरू इतकं समजूतदार का असावं?

वाळ्याचा_पडदा

नमस्कार. बरेच महिने इथे नुसतं वाचत होते, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

परवा तान्हा पोळा झाला. नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते: मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लेकरांचा पोळा असतो. लाकडी बैल सजवायचे, चाकांवर ओढत न्यायचे आणि घरोघरी जाऊन बोजारा, म्हणजे खाऊ किंवा पैसे, मागायचा. भोसल्यांच्या काळापासूनची रीत आहे. सकाळी महाल भागात मारबत (वाईटाच्या पुतळ्यांची मिरवणूक) बघितली, संध्याकाळी लेकरांना घेऊन कॉलनीच्या मैदानावर गेलो.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंचा मुलगा माझ्या मुलाच्याच वयाचा, चार पूर्ण. पांढराबोडी वस्तीत राहतात. त्याला इथे चिन्नू म्हणते, खरं नाव वेगळं आहे. त्यालाही मैदानावर आणा, असं मीच ताईंना म्हटलं होतं. तिथे एकेक बैल बघण्यासारखा. एक तर ओढणाऱ्या लेकराहून उंच, मागून दोन मोठी माणसं ढकलत होती. झूल, घुंगरं, आरसे, वर दिव्यांची माळ. माझ्या मुलाचा बैल बेताचा, पण गळ्यात पितळी घंटा. चिन्नू आईच्या मागे उभा, शर्टाचा पुढचा भाग दोन्ही मुठींत गच्च धरून. मी वाकून विचारलं, "तुझा बैल कुठाय रे?"

"झोपला."

शर्टातून टोक दिसत होतं. नंतर ताईंनी काढून दाखवला. तळहाताएवढा बैल, एक शिंग तुटकं, अंगाला हळद, कपाळाला कुंकू, पाठीवर जुन्या साडीच्या काठाची झूल. आदल्या रात्री दोघांनी मिळून सजवला होता म्हणे. घरून निघताना तो बैल हातात धरून नाचत आला होता. मैदानाच्या फाटकाशी आल्यावर बैल शर्टात गेला.

कोणीतरी त्याला दहा रुपये बोजारा दिला, तो त्यानं लगेच आईच्या हातात ठेवला. त्याच वेळी माझं लेकरू फुग्यासाठी मातीत लोळत होतं. सासूबाई म्हणाल्या, "बघ, चिन्नू किती समजूतदार आहे!" मीही आजवर हेच म्हणत आले. माझ्या घरी तो चार-चार तास स्वयंपाकघराच्या दाराशी बसतो, काही मागत नाही, कशाला हात लावत नाही, रडत नाही. पण परवापासून तो शब्द मला टोचतोय. चार वर्षांच्या मुलाला "माझा बैल लहान आहे" हे कुणी सांगितलं? आणि हे आत साठत गेलं तर त्याचं पुढे काय होतं? कुणी या मुलांमध्ये काम केलंय, वाचलंय, स्वतः अनुभवलंय? मला खरंच समजून घ्यायचं आहे.

केतकी_धंतोली

"झोपला" वाचून पुढे वाचवेना. माझ्या मुलीच्या वर्गातली एक मुलगी वाढदिवसाला घरी येतच नाही. तिला दर वेळी नेमका त्याच दिवशी "ताप" येतो. ती सहा वर्षांची आहे.

इंदोऱ्याचा_अण्णा

ताई, तुम्ही चांगल्या मनानं लिहिलं, पण आजकाल लेकरांच्या मनाचं जास्तच होऊन राहिलं बाप्पा. मी एम्प्रेस मिलच्या मजुराचा पोरगा. एका खोलीत आम्ही आठ जण. वर्षाले एक कपडा, तोही दिवाळीले. पायात चप्पल आली ती सातवीत. काय झालं आम्हाले? तिघं भाऊ शिकलो, कामाले लागलो. चार वर्षांच्या पोट्ट्याले गरिबी-श्रीमंती समजत नसते. मोठी माणसं त्याच्या डोक्यात घालतात, तवा समजते.

आलूबोंडा

आमच्या घरी तर समजूतदारपणाचा दुष्काळच आहे. चिरंजीवांनी तान्ह्या पोळ्याचा बैल काल "आंघोळीला" म्हणून कूलरच्या टाकीत सोडला. बैलाचा रंग गेला, कूलरला गुलाबी पाणी आलं, आजोबांच्या पांढऱ्या बनियनवर ठिपके. धागा वाचला आणि रागवायचं राहूनच गेलं. तो बिनधास्त आहे हे चांगलंच आहे, असं आज पहिल्यांदा वाटलं.

डॉ_पळस

मी बालरोगतज्ज्ञ आहे. धागाकर्तीच्या प्रश्नाचा एक भाग माझ्या रोजच्या कामातला आहे, म्हणून जरा सविस्तर.

लेकराची भावनिक वाढ कशावर होते? हाक आणि ओ यांवर. बाळ आवाज करतं, आई बघते. बाळ बोट दाखवतं, आई म्हणते, "हो रे, चिऊ!" दिवसातून शेकडो वेळा हे होतं आणि त्यातून बाळाच्या मनात बसतं की मी हाक मारली की कुणीतरी येतं. राग कसा शमवायचा, भीती कशी ओसरते, हे ते आधी दुसऱ्याच्या मांडीवर शिकतं आणि मग एकटं करायला लागतं.

एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा १९७०च्या दशकातला एक प्रयोग आहे. आई बाळाशी खेळते. मग तिला सांगतात, दोनेक मिनिटं चेहरा अगदी कोरा ठेवा, हसू नका, बोलू नका. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, बोट दाखवतं, किंचाळतं. आणि काहीच उपयोग होत नाही म्हटल्यावर मान फिरवतं, अंग सोडून देतं. हे ज्यांनी पाहिलं ते विसरत नाहीत. प्रयोगातल्या आईचा चेहरा दोन मिनिटांत पुन्हा हसरा होतो. पण सकाळी पाचला नळाच्या रांगेत उभी राहून, चार घरची भांडी घासून, घरमालकाचा निरोप आणि बचत गटाचा हप्ता डोक्यात घेऊन घरी आलेल्या बाईचा चेहरा कोरा असतो तो थकव्यानं, आणि तो रोज असतो. तिचं प्रेम तसूभर कमी नसतं. ते दाखवायला लागणारं त्राण तिच्याकडे उरलेलं नसतं.

दुसरं शरीराचं. धोका दिसला की शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढतं, धोका सरला की उतरतं. जिथे आरडाओरडा, उपास, घर रिकामं करायची भीती, दारू हे सगळं महिनोन्‌महिने चालू राहतं आणि जवळ घेणारं मोठं माणूस नसतं, तिथे ते उतरायचं विसरतं. अशी मुलं दोन तऱ्हांनी माझ्यापुढे येतात. काही सतत चिडलेली, मारणारी. त्यांना लोक घेऊन तरी येतात. दुसरी गप्प. त्यांना कुणी आणत नाही, कारण त्यांचं सगळे कौतुक करतात.

चिन्नू त्यातला आहे असं मी म्हणत नाही. न पाहिलेल्या लेकराचं निदान करू नये. रात्री आईबरोबर बसून बैल सजवणाऱ्या आणि तो घेऊन नाचणाऱ्या मुलाला हाकेला ओ मिळत असावी, असंच मला वाटतं. त्याला फाटकाशी काय झालं, हा वेगळा प्रश्न आहे.

अंगणवाडीची_बाई

डॉक्टरसाहेब, ती गप्प लेकरं मला रोज दिसतात. सतरा वर्षं झाली सेविका म्हणून. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हापासून वजन, उंची, लस, आहार हे सगळं रजिस्टरात भरतो, आता मोबाईलवरही भरतो. लेकरू हसलं का, याला रकाना नाही.

मी काय बघते ते सांगते. सोमवारी लेकरं जास्त जेवतात. एक साडेतीन वर्षांची मुलगी खिचडी खाताना डावा हात फ्रॉकच्या खिशात ठेवायची. मदतनीस बाईंनी कपडे बदलताना बघितलं, खिशात उसळीचे वाळलेले दाणे. घरी लहान भाऊ होता. तिला आम्ही रागावलो नाही. रोज एका डब्यात तिच्यासमोर थोडं बाजूला काढून "हे भावाचं" असं सांगायला लागलो. दोन आठवड्यांनी तिचा डावा हात खिशातून बाहेर आला आणि ती दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायला लागली. तोपर्यंत तिला टाळीचं गाणं येत नाही असंच आम्हाला वाटत होतं.

आणि ऊन. टिनाच्या घरात मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीला कोण झोपेल? रात्री दोन वाजेपर्यंत भिंती तापलेल्या. लेकरू झोपत नाही, माय झोपत नाही, सकाळी दोघंही एकमेकांवर खेकसतात. अशी लेकरं अकरा वाजता गोष्ट ऐकता ऐकता आडवी होतात. बाहेरून आलेल्या एका मॅडमनी त्यांना "लक्ष न देणारी" म्हटलं होतं. मी म्हटलं, झोपू द्या हो.

माझ्याकडे उपाय एकच: रोज तेच. आल्यावर तेच गाणं, मग हात धुणं, मग गोष्ट, मग जेवण. आणि पुढे काय होणार ते आधी सांगायचं. घरी कशाचाच भरवसा नसतो, इथे तरी पुढचं माहीत असावं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला लेकरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली. त्या अंगणाची आम्ही पुढे रजिस्टरं करून टाकली, याचं वाईट वाटतं.

मिहानकर

सगळ्यांबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं मत. परिस्थिती असतेच, पण संयम शिकवता येतो. तो मार्शमेलोचा प्रयोग प्रसिद्धच आहे. समोरची मिठाई लगेच खाऊ नकोस, थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली. गरीब घरांत आज आलेले पैसे आजच उडवतात, तेच मुलं शिकतात. पालकांना शिकवायला हवं.

त्रिमूर्तीनगर_मास्तर

मिहानकर, तो प्रयोग मीही बीएडला भक्तिभावानं शिकलो आणि वीस वर्षं पालकसभेत सांगितला. आता सांगत नाही. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांवर तो नव्यानं तपासला गेला. घरची आर्थिक स्थिती, आईचं शिक्षण वगैरे हिशेबात धरल्यावर "थांबला म्हणून यशस्वी झाला" हा संबंध बहुतेक विरून गेला.

त्याहून बोलका प्रयोग २०१३ मधला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना आधी चित्र काढायला बसवलं आणि सांगितलं, थांब, तुला चांगले रंग आणून देते. काहींना दिले. काहींना "अगं, नाहीच आहेत" म्हणून सांगितलं. मग दोन्ही गटांना तीच मिठाईची परीक्षा. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं गेलं ती तीन मिनिटं. दोन्ही गटांतली मुलं एकाच तऱ्हेची होती, फरक शब्द पाळण्या-न पाळण्याचा. ज्या घरात "उद्या आणतो" म्हटलेलं उद्या येत नाही, त्या घरातलं लेकरू हातातलं लगेच खातं, ते त्याच्या जगात बरोबरच आहे. त्याला संयमाचा पाठ द्यायचा तर आधी त्याचा उद्या भरवशाचा करावा लागेल.

मिहानकर

हा २०१३चा प्रयोग माहीत नव्हता. "उडवतात" हा शब्द मागे घेतो.

इंदोऱ्याचा_अण्णा

कालपासून डोक्यात घोळून राहिलं. मी म्हटलं आम्हाले काही झालं नाही. ते खरं आहे, पण काऊन नाही झालं ते लिहितो.

आमच्या चाळीत आठ माणसं एका खोलीत राहत होती, तर शेजारच्या खोलीत नऊ. सगळ्यायचे बैल लहानच होते. शर्टात लपवायचा कोणापासून? मिलचा भोंगा झाला की बाप घरी येणार हे कुत्र्यालेही माहीत होतं. पगाराची तारीख ठरलेली. आणि आमच्या वस्तीत १४ ऑक्टोबर १९५६ नंतर एक वारं होतं. माझी आजी दीक्षाभूमीवर त्या दिवशी हजर होती. ती आम्हाले उठता-बसता एकच सांगे, "मान वर करून चालायचं." फाटकी चड्डी घालून आम्ही मान वर करून चाललो. पैसा नव्हता, पण वस्तीत मान होता. मैदानावर कोणी आम्हाले "किती समजूतदार" म्हणालं नाही, कारण आम्ही नव्हतोच.

आता दुसरी गोष्ट. २००२ साली मिल बंद झाली. माझा लहान भाऊ तिथंच कामाले होता. तो खाटेवर बसून राहे, भिंतीकडे पाहत. त्याचा पोरगा तवा तीन वर्षांचा. आधी बापाच्या पाठीवर घोडा-घोडा करे. मग नुसता जवळ जाऊन उभा राहे. मग तेही सोडलं. अंगणात एकटाच खडे मांडत बसे. आम्ही सगळे म्हणायचो, पोरगा लय शांत, परिस्थितीची जाणीव आहे त्याले. डॉक्टरसाहेबांनी तो बाळाचा प्रयोग लिहिला तो वाचून मी उठून बाहेर गेलो. मान फिरवली होती त्यानं, आणि आम्ही शाबासकी देत होतो. आज तो कमावता आहे, चांगला आहे. पण त्याले काही दुखलं तर तो कोणाले सांगत नाही. बायकोलेही नाही.

वाळ्याचा_पडदा

अण्णा, काय लिहू? दोनदा वाचलं.

त्रिमूर्तीनगर_मास्तर

अण्णांनी जे लिहिलं त्याला अभ्यासाचाही दुजोरा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची वाट शोधायची कोडी दिली. जात जाहीर केली नाही तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. मग दुसऱ्या गटात मुलाचं नाव, गाव, वडील-आजोबांची नावं आणि जात सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवली. दलित मुलांची सुटलेली कोडी कमी झाली. तोच मेंदू, तोच कागद. चिन्नूचा बैलही घरापासून फाटकापर्यंत तोच होता.

सिमेंट_रोड

मी बांधकामावर अभियंता आहे. इमारत व इतर बांधकाम कामगारांचा १९९६चा कायदा सांगायचा की पन्नासहून जास्त महिला कामगार असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. मग कंत्राटात महिलांची संख्या पन्नासच्या आत दाखवली जायची. मी एका ठिकाणी दीड वर्षाचं मूल पाहिलं, पायाला ओढणी बांधलेली, दुसरं टोक सळईला. आईनं बांधलं होतं, खड्ड्यात पडू नये म्हणून. बाहेरचे लोक तिला दुष्ट म्हणतील, पण ती दर दहा मिनिटांनी तगारी घेऊन मुद्दाम त्याच वाटेनं जायची आणि त्याच्याकडे बघून जीभ काढायची. मूल खदखदून हसायचं. शेवटी गोदामाची एक खोली रिकामी करून आम्ही एका आजीबाईला मुलांकडे बसवलं. खर्च किती? सिमेंटच्या हिशेबात दिसतही नाही इतका.

केतकी_धंतोली

मग पैसे थेट दिले तर फरक पडतो का? आता लाडकी बहीणचे पंधराशे येतातच.

आलूबोंडा

आमच्याकडच्या मावशींनी त्यातून पोरीला सायकल घेतली. सरकार कोणतंही असो, पण निवडणुकीच्या तोंडावर

संपादक_मंडळ

राजकारणासाठी वेगळा धागा आहे. इथे लेकरांवरच बोलू या.

डॉ_पळस

केतकी, उत्तर सरळ नाही. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये चेरोकी लोकांच्या भागात एक अभ्यास आधीपासून चालू होता. १९९०च्या दशकात तिथे जमातीच्या मालकीचा कॅसिनो निघाला आणि जमातीच्या प्रत्येक सदस्याला नफ्याचा वाटा मिळू लागला. जी कुटुंबं गरिबीतून वर आली त्यांच्या शाळकरी मुलांमधली आक्रमक वागणूक कमी झाली. कारण शोधलं तर पालकांना मुलांकडे बघायला वेळ मिळायला लागला होता. पण अलीकडे अमेरिकेतच दुसऱ्या एका अभ्यासात हजार आयांना बाळाच्या जन्मापासून दरमहा पैसे देऊन बघितले, काहींना ३३३ डॉलर, काहींना २०. चार वर्षांची होईपर्यंत मुलांच्या मोजमापात ठळक फरक दिसला नाही. म्हणजे पैसा लागतोच, पण तेवढ्यानं भागतं असं छातीठोक सांगता येत नाही.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो जमैकाचा अनुभव. १९८०च्या दशकात किंग्स्टनमध्ये वाढ खुंटलेल्या १२९ बाळांपैकी काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्ती आठवड्यातून एक तास जायची. दोन वर्षं. घरातल्याच वस्तूंची खेळणी करायची, आईला बाळाशी खेळून दाखवायची आणि आईचं कौतुक करायची. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई इतरांपेक्षा पंचवीस टक्क्यांनी जास्त भरली, नैराश्य आणि मारामाऱ्या कमी. अंगणवाडीच्या बाई, तुमच्याकडे रजिस्टरं कमी आणि हात जास्त असते तर हे इथेही होऊ शकतं.

अंगणवाडीची_बाई

गृहभेट आमच्या कामात आहेच. पण तिथेही फोटो काढून पाठवायचा असतो. त्या मायचं कौतुक करा, असं मात्र आजवर कोणी सांगितलं नाही. उद्यापासून करते. त्याला परवानगी लागत नाही.

गोळाभात

चिन्नूला शिक्षणहक्क कायद्याच्या पंचवीस टक्क्यांत चांगल्या शाळेत घालता येईल ना? २०२४ मध्ये सरकारी शाळेजवळच्या खासगी शाळांना त्यातून सूट द्यायचा प्रयत्न झाला होता, मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द केला. अर्ज करायला मी मदत करीन.

केतकी_धंतोली

जरूर करा, पण शाळेनंही सांभाळून घ्यावं लागतं. आमच्या ओळखीच्या एका शाळेत सहलीच्या दिवशी त्याच दोन-तीन मुलांची गैरहजेरी लागते. वर्गात सगळ्यांसमोर फीचं विचारतात.

त्रिमूर्तीनगर_मास्तर

फायदा दोन्ही बाजूंना आहे, हेही लिहितो. दिल्लीच्या महागड्या शाळांमध्ये अर्थतज्ज्ञ गौतम राव यांनी तपासलं. गरीब मुलं वर्गात आली तिथली श्रीमंत मुलं जास्त उदार झाली, भेदभाव कमी करू लागली. परीक्षेच्या गुणांवर फारसा परिणाम नाही. धागाकर्तीच्या मुलालाही चिन्नूची गरज आहे.

फुटाळ्याचा_वारा

मी इथे कधी लिहीत नाही. मी चिन्नूच होतो. माझी आई रामदासपेठेत तीन घरची कामं करायची आणि मी सोबत जायचो.

तुम्ही विचारलं, कुणी सांगितलं? कुणी नाही. ते दिसतं. आईचा आवाज फाटकाच्या आत गेल्यावर बदलतो. घरी मोठ्यानं हसणारी आई तिथे "हो ताई, हो ताई" इतकंच बोलते. आईचा कप खिडकीत वेगळा उपडा ठेवलेला असतो. लेकरू आईच्या अंगाला चिकटून असतं, तिला काय वाटतंय ते त्याला कातडीतून कळतं. मला वाटायचं हे घर म्हणजे आईला बारीक करणारं काहीतरी आहे, आणि मी आवाज केला तर ती अजून बारीक होईल. म्हणून गप्प बसायचो. मी आईला सांभाळत होतो.

एका घरी त्यांच्या मुलाची जुनी गाडी मला दिली. त्याच्यासमोर. तो रडला, म्हणून परत घेतली. मी "मला नकोच होती" म्हणालो आणि सगळे हसून म्हणाले, बघा किती समजूतदार. मी पाच वर्षांचा होतो. त्या गाडीचं मागचं डावं चाक थोडं वाकडं होतं, आजही आठवतं.

दुसऱ्या घरी एक काकू होत्या. त्या मला प्रश्न विचारायच्या आणि उत्तर येईपर्यंत थांबायच्या. मी बोलायला खूप वेळ लावायचो, तरी त्या कणीक मळत थांबायच्या. एकदा विचारलं, "पोळी गोल करू की माणसासारखी?" मी कितीतरी वेळानं म्हणालो, "बैलासारखी." त्यांनी शिंगांसकट केली. त्या घरी मी नंतर दंगा करायला लागलो. आई रागवायची, त्या म्हणायच्या, करू दे. त्यांनी आईला रविवारची सुट्टी दिली होती आणि पगार एक तारखेला, न चुकता. आमच्या घरी एक तारखेला संध्याकाळी गाणी लागायची.

तुम्ही मागितला नाही तरी सल्ला देतो. त्याला समजूतदार म्हणू नका. त्याच्यासमोर आईला रागवू नका, आणि त्याच्यासमोर तिला काही दानही देऊ नका. द्यायचं ते पगारात द्या.

डॉ_पळस

इतकं नेमकं मला पुस्तकात सापडलं नव्हतं. धन्यवाद.

इंदोऱ्याचा_अण्णा

बेटा, त्या काकू कुठं राहतात सांग. एकदा पाया पडून येतो.

फुटाळ्याचा_वारा

अण्णा, त्या आता नाहीत. माझ्या लग्नाला होत्या.

वाळ्याचा_पडदा

दसरा झाला, आता परत लिहिते. मध्ये मुद्दाम थांबले होते, कारण आधी करायचं होतं.

पगार वाढवला, आठवड्याची सुट्टी ठरवली. कप एकाच स्टँडवर आला. तो वेगळा होता हे लिहायलाही मला इतके दिवस लागले. मग एके दुपारी ताईंना सोबत चहाला बसवून म्हटलं, "चिन्नू खूप शांत आहे, मला काळजी वाटते." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या.

"शांत? ताई, तो घरी वाघ आहे. परवा जिलेबीसाठी रस्त्यात लोळला. बापाच्या केसांना लोंबकळतो. तुमच्या घरी गप्प बसतो, कारण मी त्याला पायरीवरच सांगते, आत काही मागायचं नाही, नाही तर माझं काम जाईल."

मी त्याच्या आईवडिलांबद्दल, त्यांच्या गरिबीबद्दल प्रश्न विचारत होते. तो गप्प बसत होता तो माझ्या घरात.

त्यानंतर मी काही मोठं केलं नाही. रोज त्याच वेळी एक प्रश्न विचारते आणि थांबते. पहिले दहा-बारा दिवस नुसती मान हलायची. ताईंनी पायरीवरचं ते वाक्य बंद केलं, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. काल दोन्ही मुलं व्हरांड्यात मातीच्या पणत्या रंगवत होती. मी रंगांचे डबे मध्ये ठेवले आणि विचारलं, कुणाला कोणता? चिन्नूनं बराच वेळ डब्यांकडे पाहिलं. मग माझ्या मुलाच्या हातातल्या डब्याकडे बोट करून स्पष्ट म्हणाला, "मला लाल पाहिजे."

आलूबोंडा

लाल दिला ना?

वाळ्याचा_पडदा

दिला. मग माझ्या लेकानं भोकाड पसरलं. मग चिन्नूनंही पसरलं. ताई आणि मी दोघी दोन बाजूंना दोघांना घेऊन बसलो होतो, चहा उतू गेला.